चौऱ्याऐंशी मीटरचा जावई

एलादिओ सुम्बादोला दर रविवारी ‘चोर’ म्हणणारी जेवढी तोंडं सान ब्लासमध्ये आहेत, त्यांतल्या निम्म्या तोंडांतले दात एलादिओनंच घडवलेले आहेत. आठवडाभर हा माणूस घराच्या पुढच्या खोलीत बसून कवळ्या घासतो, हिरड्यांवर चपखल बसवतो, आणि सुट्टीच्या दिवशी शिट्टी तोंडात धरून त्याच कवळ्यांमधून निघालेल्या शिव्या खातो. स्वतःच्या कामाचा दर्जा इतक्या जवळून तपासायला मिळणारा कारागीर विरळा.

आमच्या कोस्टा रिकात कुत्र्यालासुद्धा ‘अहो, तुम्ही’ म्हणायची रीत, आणि पुरुषाच्या नावाआधी मानानं ‘दॉन’, बाईच्या नावाआधी ‘दोन्या’ लावायची. त्यामुळे शिव्यासुद्धा आदरानंच दिल्या जातात. दॉन त्रांकिलीनो हे आमचे निवृत्त बस-ड्रायव्हर. एकदा चर्चसमोरच्या मैदानावर ते, “पेनल्टी नव्हती ती, अहो आंधळे!” असं इतक्या जीव तोडून ओरडले, की वरची कवळी सुटून कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी जाऊन पडली. एलादिओनं खेळ थांबवला. कवळी उचलली, रुमालानं पुसली, उजेडात धरून निरखली.

“सोमवारी घेऊन या, डावीकडे थोडी सैल आहे,” तो म्हणाला, आणि वर पिवळं कार्ड दाखवलं. प्रेक्षकाला कार्ड दाखवता येत नाही हे त्यालाही ठाऊक होतं, पण हात शिवशिवला.

शिट्टीचा नाद त्याला लागला तो अपघातानं. तो विशीतही नव्हता. वरच्या आळीची आणि खालच्या आळीची मॅच होती आणि नेमलेले पंच शेजारच्या गावात तमाल, म्हणजे केळीच्या पानात वाफवलेले मक्याचे उंडे, खाऊन आडवे झाले होते. उंच आणि कुणाचाच नातेवाईक नसलेला मुलगा म्हणून एलादिओला उभा केला. त्यानं शेवटच्या मिनिटाला खालच्या आळीचा गोल नाकारला. मग जे झालं ते सांगायला नको. मैदानाच्या कोपऱ्यात तेव्हा एक प्रचंड रानअंजीर होता. एलादिओ मागचापुढचा विचार न करता त्याच्या शेंड्यावर पोचला आणि पाद्रीबुवांनी खाली उभं राहून अख्खी खालची आळी घरी पाठवेपर्यंत तिथंच बसून राहिला.

“खाली या बाळा, आता सांगा, गोल होता का?” पाद्रीबुवांनी विचारलं. ते स्वतः खालच्या आळीचे.

“नव्हता,” एलादिओ फांदीवरूनच म्हणाला.

पाद्रीबुवांनी कपाळाला हात लावला. सान ब्लासला त्या दिवशी कळलं, की हा मुलगा एकतर फार वर जाणार किंवा फार मार खाणार.

दोन्ही झालं. पहाटे कॉफीच्या मळ्यांमधून चढ चढून त्यानं पायांचे खांब केले. जिल्ह्याच्या मॅचेस, मग देशाच्या लीगच्या, आणि मग एके दिवशी छातीवर आंतरराष्ट्रीय पंचाचा बिल्ला. किंग्स्टनला त्यानं अशा गर्दीपुढं शिट्टी फुंकली, की स्वतःची शिट्टी स्वतःला ऐकू येईना. हैतीत मैदानात कोंबडी शिरली, तेव्हा तिला धरायला दोन्ही कॅप्टन धावले आणि नव्वद मिनिटांत दोन्ही संघांचं एकमत झालं ते तेवढं एकदाच. होंडुरासच्या तेगुसिगाल्पामध्ये निकाल लागल्यावर तो भाजीच्या टेम्पोतून, कोबीखाली झोपून हॉटेलवर पोचला. परत आला की दॉन त्रांकिलीनो विचारायचे, “काय, चोर! कुठं चोरी करून आलात?” आणि पारावर बसलेल्या सगळ्यांची छाती अभिमानानं फुगायची. आपला चोर आता परदेशात चोऱ्या करतो, ही काही लहान गोष्ट नव्हे.

पण बिल्ल्याबरोबर एक रोगही आला. मीटरचा.

फ्री किक असली, की भिंत नऊ मीटर पंधरा सेंटीमीटरवर उभी करायची. एलादिओनं आपलं पाऊल या कामासाठी असं घोटलं, की त्याची टांग पडली की बरोबर एक मीटर. इंचाचा फरक नाही. हे मैदानात शोभून दिसायचं. पण सान ब्लासमध्ये? इथं ‘शंभर मीटर’ म्हणजे एक चौक ते पुढचा चौक. चौक लांब असो, आखूड असो, वाकडा असो. शंभर म्हणजे शंभर. ‘पन्नास’ म्हणजे अर्धी गल्ली. रस्त्यांना नावं नाहीत, घरांना नंबर नाहीत, पत्ता सांगायचा तो एखाद्या खुणेपासून. आणि खूण जागेवर असलीच पाहिजे असंही नाही. तो रानअंजीर एका वादळात कधीच कोसळला. त्या जागी नगरपालिकेनं सिमेंटचा बाक घातला. पण सान ब्लासमधला प्रत्येक पत्ता आजही ‘जुन्या अंजिरापासून’ सुरू होतो. मेलेल्या झाडाची एवढी सावली कुठल्या जिवंत झाडाचीही पडत नसेल.

एलादिओला हे खपेना. तो रस्त्यातून चालला, की मनातल्या मनात मोजायचा. “दवाखाना शंभर मीटर नाही, एकशे बारा आहे,” असं तो प्रेतयात्रेतसुद्धा म्हणाला. लोक हसायचे आणि सोडून द्यायचे. एका व्यक्तीनं सोडून दिलं नाही. ती म्हणजे त्याची सासू.

दोन्या एर्मेलिंदा जुन्या अंजिराच्या उत्तरेला, चौकाच्या अगदी अलीकडच्या दारात खानावळ चालवतात. सकाळी भात-घेवड्याचा गायो पिंतो, दुपारी ओया दे कार्ने, म्हणजे हाडाच्या रश्श्यात शिजलेले कंद, आणि दिवसभर कापडी पिशवीतून गाळलेली कॉफी. दारावर त्यांच्या नवऱ्यानं, म्हणजे दिवंगत दॉन एवेलिओंनी, स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी आहे: ‘जुन्या अंजिरापासून उत्तरेला शंभर मीटर.’ बिल्ला मिळाल्याच्या आनंदात मेजवानी त्याच खानावळीत झाली. गुळाच्या गरम पाण्याचे पेले फिरले. आणि सगळ्यांनी भाषण मागितल्यावर आमचे आंतरराष्ट्रीय पंच उठून, पाटीकडे बोट करून, हसत हसत म्हणाले, “सासूबाई, ते चौऱ्याऐंशी आहेत हं. मी आजच मोजले.”

सगळा गाव खो खो हसला. दोन्या एर्मेलिंदा हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीपासून गिऱ्हाईकं “काय दोन्या, चौऱ्याऐंशी मीटरवरची कॉफी द्या” म्हणून येऊ लागली. त्या दिवसापासून त्यांनी जावयाशी बोलणं टाकलं. दोन-चार दिवस नाही, वर्षानुवर्षं. नाताळला एकाच टेबलावर बसल्या, तरी मीठ मागायचं झालं तर मुलीला, म्हणजे एलादिओच्या बायकोला म्हणायच्या, “योर्लेनी, त्या गृहस्थांना म्हणावं, मीठ इकडं सरकवा.” यातली गंमत अशी, की ज्या कवळीमागं हा अबोला कोंडला होता, ती कवळीसुद्धा एलादिओचीच. दुखली तर त्या ती काढून डब्यात घालून मुलीबरोबर पाठवायच्या. दुरुस्त होऊन आली, की आरशात बघून “ठीक आहे” म्हणायच्या, तेही आरशाला.

असो. मुख्य गोष्ट आता.

कॅनडा आणि मेक्सिकोची मॅच होती, विश्वचषकाच्या पात्रतेची, टोरोंटोत. पंच म्हणून एलादिओची निवड झाली. पंचाच्या कारकिर्दीत अशी मॅच एकदाच दार ठोठावते. ही बरी झाली तर विश्वचषकाच्या यादीत नाव जाणार, आणि वय असं, की पुढच्या खेपेला विचारणार कोणी नाही. सगळं तयार होतं. योर्लेनीनं तीन लोकरी बंड्या भरल्या होत्या. फक्त पासपोर्ट व्हिसाचा शिक्का बसून कुरिअरनं यायचा होता. विमान दुसऱ्या दिवशी सकाळी.

आणि फोनवर संदेश आला: पाकीट पोचवलं.

“कुठं पोचवलं?” एलादिओ ओरडला. “योर्लेनी, तुम्ही घेतलंत?”

“मी कुठं? मी सकाळपासून तुमच्या मोज्यांच्या जोड्या लावतेय. एकाला जोडच नाही.”

त्यानं कुरिअरवाल्याला फोन लावला. ओल्मान नावाचा पन्नाशीचा मोटारसायकलवाला, आवाज निवांत.

“दिलं की हो! पण दॉन एलादिओ, पत्ता काय लिहिलाय तुम्ही? ‘उत्तरेला चौऱ्याऐंशी मीटर, पूर्वेला एक्केचाळीस मीटर, पिवळं घर.’ असा पत्ता जन्मात बघितला नाही. शंभर म्हणजे चौकात जाऊन वळायचं, एवढं कळतं. चौऱ्याऐंशी म्हणजे? म्हणजे चौकाच्या अलीकडंच थांबायचं, बरोबर? मग वळायचं कसं? भिंतीतून?”

“ते खरे मीटर आहेत!” एलादिओ म्हणाला.

“खरे कशाला लिहायचे? लोकांना पत्ता सापडायला नको का? बाकावर एक म्हातारबुवा होते, त्यांना विचारलं, पिवळं घर कुठाय. म्हणाले, सान ब्लासमध्ये पिवळं घरच नाही.”

हे दॉन त्रांकिलीनो. एलादिओनं घराला पिवळा रंग लावून वर्ष झालं होतं, डबा अजून अंगणात पडून होता, पण गावाच्या हिशेबात ते घर हिरवं ते हिरवंच.

“मग?”

“मग चौकाच्या अलीकडचं शेवटचं दार वाजवलं. एक बाई आल्या. म्हणाल्या, एलादिओ सुम्बादो माझेच जावई. घेतलं त्यांनी, सही केली, मला कॉफीसुद्धा दिली. फार प्रेमळ बाई आहेत हो. भाग्यवान आहात.”

एलादिओनं फोन खाली ठेवला. योर्लेनीनं त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं, काय झालं ते ओळखलं, आणि हसता हसता बिनजोडीच्या मोज्यानं डोळे पुसले.

“हसताय काय? तुम्ही जाऊन आणा ना आईकडून!”

“मी? मी नाही बाई. मी बाजूची पंच. मी फक्त झेंडा वर करणार.”

खानावळ जेवायच्या वेळी गच्च भरली होती. एलादिओ दारात उभा राहिला आणि चमचे थांबले. पाकीट समोरच्या फळीवर होतं, घशाच्या दुखण्यांवर नवस बोलतात त्या संत ब्लासच्या मूर्तीमागं, देवाला टेकून उभं. दोन्या एर्मेलिंदा रस्सा ढवळत होत्या. मागोमाग दॉन त्रांकिलीनोही येऊन पोचले. फुकटचा तमाशा ते सोडत नाहीत.

“सासूबाई, माझं पाकीट.”

“दॉन त्रांकिलीनो,” रश्श्याकडं बघत त्या म्हणाल्या, “त्या गृहस्थांना विचारा, ते कोणत्या खानावळीत आलेत.”

“अहो चोर, कोणत्या खानावळीत आलात?”

“दोन्या एर्मेलिंदांच्या.”

“विचारा, ती कुठं आहे.”

“कुठं आहे?” दॉन त्रांकिलीनोंचे डोळे चमकायला लागले.

एलादिओनं सुरुवात केली. “जुन्या अंजिरापासून उत्तरेला...” आणि तिथंच अडकला. कोबीखाली झोपला पण निकाल फिरवला नाही, झाडावर बसला पण गोल दिला नाही, असा हा माणूस. ‘चौऱ्याऐंशी’ त्याच्या जिभेच्या टोकावर नाचत होता आणि उद्याचं विमान डोळ्यांपुढून उडत होतं.

“सांगा त्यांना,” दोन्या एर्मेलिंदांनी झाकण आपटलं, “माझ्या नवऱ्यानं ती पाटी रंगवली, तेव्हा ते अंजिरापासून इथपर्यंत हातात ब्रश घेऊन चालत आले होते. शंभर मोजत. मी याच दारात उभी होते. मग आता कोणी मोजलेल्या टांगा टाकत येतं आणि माझ्या मेलेल्या माणसाला सोळा मीटरनं खोटं पाडतं. आणि गाव हसतं.”

कोणीच हसलं नाही. एलादिओचे कान लाल झाले. त्या मेजवानीच्या दिवशी आपण पाटीवर बोट ठेवलं होतं, दॉन एवेलिओंवर नाही, असं त्याला इतकी वर्षं वाटत होतं.

आणि मग त्याच्या मनात काहीतरी टकटकलं. चालत आले होते. मोजत. सासरे बुटके होते, गरगरीत होते, त्यांचं पाऊल ते केवढं!

“सासूबाई,” तो म्हणाला, “मैदान तुमचं. पण पंच मी. मोजणी पुन्हा होईल.”

तो घराकडं पळाला आणि फ्री किकच्या वेळी गवतावर रेघ मारायचा फेसाचा डबा कमरेला अडकवून, शिट्टी घेऊन परतला. तोवर अख्खं सान ब्लास बाकापाशी. न्हाव्यानं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी सोडलं होतं, आणि गिऱ्हाईक त्याच्या पुढं उभं होतं. एलादिओनं बाकाला टाच टेकवली, शिट्टी फुंकली आणि निघाला.

“एक! दोन! तीन!” गाव मोजायला लागला.

“थांबा!” दॉन त्रांकिलीनो ओरडले. “अहो, हे पाऊल परदेशातलं! असं चाललात तर चौऱ्याऐंशीलाच पोचाल!”

एलादिओ थबकला. आयुष्यभर घोटलेलं पाऊल त्यानं आखडून घेतलं. हात कंबरेवर, पोट पुढं, पायांची टोकं बाहेर, बरोबर दॉन एवेलिओ! म्हाताऱ्यांनी टाळ्या पिटल्या. “तेच! अगदी तेच! एवेलिओ असेच यायचे हो!” पन्नासला तो औषधांच्या दुकानापाशी, सत्तरला चांभारापाशी, आणि गाव मागं वरातीसारखा. पण हिशेब थोडा चुकलाच. शहाण्णवला त्याची नडगी खानावळीच्या उंबऱ्याला धडकली. चार पावलं उरली आणि रस्ता संपला.

दारात दोन्या एर्मेलिंदा उभ्या होत्या, हातात डाव.

आंतरराष्ट्रीय पंच एलादिओ सुम्बादोनं क्षणभर आकाशाकडं पाहिलं, आणि जागच्या जागी पाय आपटले.

“सत्त्याण्णव! अठ्ठ्याण्णव! नव्व्याण्णव! शंभर!!”

चर्चची घंटा तेवढी वाजायची राहिली. एलादिओनं वाकून उंबऱ्यापुढं फेसाची पांढरी रेघ मारली, लांब शिट्टी दिली आणि दोन्ही हात वर केले.

“शंभर,” तो म्हणाला. “निकाल अंतिम.”

“दॉन त्रांकिलीनो, त्यांना विचारा, शंभर काय? कांदे?”

एलादिओनं डोळे मिटले. “मीटर,” तो म्हणाला. “सान ब्लासचे शंभर मीटर.”

“सान ब्लासचे नाही तर काय कॅनडाचे?” त्या रेघेकडं बघत म्हणाल्या. आणि एकदम त्यांचा आवाज चढला. “अहो दॉन त्रांकिलीनो, ती रेघ विरतेय! बघा, बघा, निकाल पुसला जातोय! ही कसली लबाडी?”

फेस तो, मिनिटाभरात जाणारच. एलादिओ समजावू लागला, पण ऐकतंय कोण. शेवटी बाजूच्या पंच धावत आल्या. योर्लेनीनं घरचा उरलेला पिवळा रंग आणि ब्रश आणला, आणि फेसाची शेवटची कड नाहीशी व्हायच्या आत त्याच्यावरून अशी जाड रेघ ओढली, की ती आजही अंजिराच्या बाकावरून दिसते. दोन्या एर्मेलिंदांनी संत ब्लासमागून पाकीट काढलं, एप्रनच्या टोकानं पुसलं आणि मुलीच्या हातात दिलं.

“त्यांना म्हणावं, तिकडं थंडी असते. कानाला काहीतरी बांधा.”

मॅचच्या दिवशी खानावळीत पाय ठेवायला जागा नव्हती. दोन्या एर्मेलिंदा टीव्हीसमोर पहिल्या खुर्चीत. मेक्सिको हरावं हा त्यांचा जुना आणि निर्मळ आनंद. एका मेक्सिकन सुऱ्यावाल्यानं कधीकाळी बोथट सुऱ्या गळ्यात मारल्या होत्या, तेव्हापासूनचा. सामना बरोबरीत. एलादिओ बर्फाळ वाऱ्यात घोड्यासारखा पळत होता, कानाला पट्टी. आणि शेवटी-शेवटी कॅनडाला फ्री किक मिळाली, अगदी मोक्याच्या जागी. एलादिओनं कमरेचा डबा काढला. पावलं टाकत निघाला. रेघ मारली. मेक्सिकोची भिंत रेघेमागं उभी राहिली.

दोन्या एर्मेलिंदा खुर्चीतून उठल्या.

“हे नऊ मीटर?” त्या म्हणाल्या. “सात आहेत, सात! मागं घ्या त्यांना! अहो जावईबापू, डोळे आहेत की लोणच्याच्या फोडी? नीट मोजा!”

चेंडू थेट भिंतीवर आदळला. सामना बरोबरीतच सुटला. पण खानावळीत निकालाकडं कोणाचं लक्ष नव्हतं. सगळे दोन्या एर्मेलिंदांकडं बघत होते. त्यांनी ‘जावईबापू’ म्हटलं होतं. आणि तेही मधल्या माणसाशिवाय.

योर्लेनीनं बाहेर उभं राहून टोरोंटोला फोन लावला.

“अहो, आई तुमच्याशी बोलली!”

“काय म्हणाल्या?” एलादिओचा श्वास अजून खाली बसला नव्हता.

“तुम्ही आंधळे आहात म्हणाली. भिंत सात मीटरवर होती म्हणाली.”

पलीकडं वारा घोंघावत होता. तो हळूच म्हणाला, “पावलं टाकताना काय झालं कुणास ठाऊक, योर्लेनी. पोट पुढं आलं, पायांची टोकं बाहेर गेली. मागाहून मैदानातल्या पडद्यावर बघितलं. साडेसात असतील. तुमच्या वडिलांची पावलं पडली हो.”

योर्लेनी बोलायच्या आत कोणीतरी तिच्या हातातून फोन ओढून घेतला.

“जावईबापू,” आवाज बोबडा होता, “ओरडून ओरडून माझी वरची कवळी सैल झालीय. लवकर या. आणि विश्वचषकाच्या त्या चोरांच्या यादीत नाव आलं, की आधी मला सांगा, त्या त्रांकिलीनोला नाही.”